करवंद-आंब्याचा क्रंबल, सकाळी नऊच्या आत

मे महिन्यात दुपारी दोन वाजता कोल्हापुरातल्या स्वयंपाकघरात थिजलेलं तूप थिजलेलं राहत नाही. बाहेर पारा ३७-३८ वर असतो आणि घरात शेगडी चालू असते. अशा वेळी पिठात तूप चोळायला बसलं की भुगा होतच नाही, चकलीच्या पिठासारखा तेलकट गोळा होतो. तो फळांवर पसरला तर भाजून बिस्किटासारखा कडक थर तयार होतो आणि लहान पोराच्या दातांना तो फुटत नाही. आमचे पहिले दोन क्रंबल असेच गेले. नंतर प्रमाण तेच ठेवलं, फक्त वेळ बदलली.

क्रंबल म्हणजे खाली फळं आणि वर पीठ-गूळ-तुपाचा भुगा, दोन्ही एकत्र भाजलेलं. फेटायचं काही नाही, अंडं नाही, केक बसला म्हणून हळहळायचं नाही. अडीच-तीन वर्षांच्या पोराला हाताशी घेऊन करण्यासारखं ओव्हनमधलं याच्याइतकं सोपं गोड आम्हाला तरी दुसरं सापडलेलं नाही. अट एकच, आदल्या संध्याकाळी निम्मं काम उरकायचं आणि सकाळी नऊच्या आत ओव्हन बंद व्हायला हवा. नऊनंतर तूप ऐकत नाही, आणि पोरही.

आधी आंब्याचं. कोल्हापुरात देवगड-रत्नागिरीचा हापूस घाट चढून येतो आणि त्याच्या शेजारीच कर्नाटकी हापूस मांडलेला असतो. भाजायला महागातला हापूस घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. हापूसचं सगळं मोल त्याच्या वासात, आणि ओव्हनच्या उष्णतेत आधी उडून जातो तो वासच. पायरी रसाला उत्तम, पण भाजली की नुसतं पाणी सोडते. आम्ही एक पिकलेला तोतापुरी, साधारण ३५० ते ४०० ग्रॅमचा, आणि दोन कर्नाटकी हापूस घेतो. तोतापुरीचा गर घट्ट आणि जरा आंबटसर असतो, फोडी शाबूत राहतात. हापूसच्या फोडी विरघळून त्यांचा दाटसर रस होतो. तिसरा एक चांगला हापूस वेगळा ठेवायचा. तो ओव्हनमध्ये जाणार नाही, शेवटी कच्च्या फोडी करून वर पडेल. उडून गेलेला वास परत आणायचा हा एकच मार्ग आहे.

पिकलेले आंबे आयते घेण्यापेक्षा कडक घेऊन घरी पिकवलेले बरे. कोपऱ्यात पोतं अंथरून त्यावर भाताचं पिंजर (पेंढा), मग एकमेकांना न चिकटता आंबे, वर पुन्हा पिंजर. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रोज चाचपायचे आणि डागाळलेला लगेच बाजूला काढायचा, नाहीतर शेजारचे दोन घेऊन जातो. फळं किती तयार होऊन उतरवली आहेत त्यावर सहा ते दहा दिवस लागतात. हे काम पोराला मनापासून आवडतं. रोज सकाळी पिंजर उचलून आत वास घ्यायचा, पिवळा कोण झाला ते शोधायचं. कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला कायद्यानं बंदी आहे, तरी सगळीकडून सारखाच पिवळाधमक आणि नाकाशी धरला तरी वास नसलेला आंबा दिसला की आम्ही पुढच्या गाडीकडे जातो. असा आंबा कोयीजवळ हमखास आंबट आणि घट्ट निघतो.

हापूसची आणखी एक खोड म्हणजे साका. बाहेरून फळ देखणं असतं, कापल्यावर कोयीलगत पांढरट, स्पंजासारखा भाग निघतो. तो भाजूनही मऊ होत नाही, चवीला आंबटच राहतो, आणि बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून एक आंबा नेहमी जास्तीचा आणायचा. साक्याचा भाग निर्दयपणे कापून टाकायचा, बाकीचं फळ चालतं.

भाजायला आंबा पिकलेला पण बोटाला जरा कडक लागणारा हवा. पार मऊ झालेला असेल तर तो रसाला घ्या.

करवंदं मात्र हवीतच. नुसता आंबा भाजला की चव सपाट होते, गोडावर गोड. गगनबावडा, आंबा घाट, राधानगरी या बाजूच्या रानातली करवंदं मे महिन्यात बायका पाट्यांतून आणतात आणि वाट्यावर विकतात. "मावशी, आजची काय कालची?" हा प्रश्न विचारायचाच, कारण तोडल्यावर दुसऱ्या दिवशी ती सुरकुततात आणि तिसऱ्या दिवशी आंबूस वास मारतात. पूर्ण काळी घ्यायची. लालसर असली तर चीक जास्त असतो आणि तो ओठांना, भांड्याला, सुरीला सगळीकडे चिकटतो. दीडशे ग्रॅम पुरतात. वळवाचे दोन दणके झाले की करवंदं पाणचट होतात, मग त्या वर्षीचं संपलं म्हणायचं.

करवंदाच्या बिया मोठ्या माणसाला गिळता येतात, पण लहान पोराच्या तोंडात त्या नकोत. मिठाच्या कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून चोळून धुवायची, देठ काढायचे, दोन मोठे चमचे पाणी घालून झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं शिजवायची. मऊ झाली की चाळणीवर पळीनं घासायची. खाली जांभळा, दाट गर पडतो, साधारण पाऊण वाटी. करवंदात पेक्टिन भरपूर असतं, म्हणून हा गर थंड झाला की जेलीसारखा थिजायला लागतो. त्यामुळे कॉर्नफ्लोर कमी लागतं. निव्वळ आंब्याला दोन मोठे चमचे लागलं असतं तिथे एकात भागतं. करवंदं नाहीच मिळाली तर एका लिंबाचा रस आणि दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोर. चालतं, पण रंग येत नाही.

आता गूळ. मार्केट यार्डात 'रवा' म्हटलं की गुळाची ढेप, आणि वाण्याकडे रवा म्हणजे रवा. या कृतीत दोन्ही लागतात, तेव्हा यादी लिहिताना नीट लिहा. साखरेऐवजी गूळ घेतला की तीन गोष्टी बदलतात. गुळात ओलावा असतो, म्हणून भुगा चिकट होतो. गूळ लवकर करपतो, म्हणून ओव्हन १८० ऐवजी १७० वर ठेवायचा. आणि गुळाचा हरभऱ्याएवढा खडा जरी राहिला तरी भाजून त्याची चिक्की होते. पोरानं तो चावला की दात दुखतो आणि मग पुढचा घास घेत नाही. यावर उपाय असा, गूळ किसणीवर न किसता सुरीनं पातळ तासायचा (किसणीला तो मे महिन्यात नुसता लिंपतो), ताटात पसरून फॅनखाली अर्धा तास ठेवायचा, मग थोड्या कणकेबरोबर बोटांनी चुरून चाळायचा. कणीक गुळाला सुटं ठेवते. फार पांढुरका गूळ टाळतो, जरा गडद आणि मऊसर असलेला चवीला जास्त खमंग लागतो.

भुग्याचं प्रमाण सहा-सात इंची, सपाट तळाच्या भांड्यासाठी असं: कणीक १०० ग्रॅम, ज्वारीचं पीठ ४० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, बदामाची पूड २० ग्रॅम, तासलेला गूळ ५० ग्रॅम, म्हशीचं थिजलेलं तूप ६५ ग्रॅम, चिमूटभर मीठ, आणि एक ते दोन लहान चमचे थंड दूध. खालच्या फळांसाठी आंब्याच्या दोन सेंटिमीटरच्या फोडी ४५० ग्रॅम, करवंदाचा गर, गूळ २५ ग्रॅम, कॉर्नफ्लोर एक मोठा चमचा, वेलदोड्याची पूड पाव लहान चमचा.

ज्वारीचं पीठ भुग्याला वाळूसारखा सुटेपणा देतं, कारण त्यात ग्लुटेन नाही. पण ते निम्म्याच्या वर गेलं तर भुगा भाजूनही कोरडं पीठ लागतो आणि पोराला ठसका बसतो. बदाम, काजू यांचे तुकडे घालायचा मोह होतो. चार-पाच वर्षांच्या आत कडक तुकडे घशात अडकतात, म्हणून पूडच.

तुपाबद्दल जरा सविस्तर. बटरमध्ये पाणी असतं, तुपात नसतं. म्हणून ८० ग्रॅम बटरच्या जागी ६५ ग्रॅम तूप पुरतं, आणि पाण्याची भरपाई चमचाभर दुधानं करायची. बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं. माणसाचे तळहातही साधारण तेवढेच गरम असतात, आणि पोराचे तर कायम घामेजलेले. म्हशीचं तूप गाईच्या तुपाच्या मानानं जरा उशिरा वितळतं आणि रवाळ थिजतं, त्यामुळे या हवेत तेच सोयीचं. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरच्या म्हशीच्या दुधाची साय आठवडाभर साठवली तर एका क्रंबलपुरतं तूप घरचं होतं. घरचं पांढरं लोणी थेट वापरायचं असेल तर थंड पाण्यात दोन-तीनदा धुऊन, दाबून ताक काढून टाका. राहिलेल्या ताकानं भुग्याचा मळल्यासारखा गोळा होतो.

आदल्या संध्याकाळची कामं ठरलेली. करवंदाचा गर काढून फ्रीजमध्ये. गूळ तासून कणकेत चुरून फ्रीजमध्ये. तूप मोजून, वाटीत सपाट पसरून फ्रीजमध्ये. ज्या परातीत भुगा करायचा ती परात किंवा पातेलंही फ्रीजमध्ये, रिकामं. फ्रीजमध्ये जागा नाही म्हणून हे टाळू नये. गार स्टीलचा फरक पहिल्याच मिनिटात हाताला कळतो.

आणि सकाळी आंबे बादलीत. निदान अर्धा तास पाण्यात, देठाकडचा चीक निघण्यासाठी. हा चीक कातडीला लागला की काही मुलांच्या ओठांभोवती पुरळ उठतं. आंबा धुवायचं काम पोराचं. सकाळी सात वाजता मागच्या अंगणात किंवा मोरीत बादली ठेवायची, पोराला नुसत्या चड्डीवर बसवायचं आणि एकेक आंबा चोळायला द्यायचा. उन्हाळ्यात पोरांना पाण्यापासून लांब ठेवण्यापेक्षा पाण्याचंच काम दिलेलं बरं. मात्र वीतभर पाणी असलेल्या बादलीजवळसुद्धा पोराला एकटं सोडायचं नाही, दार वाजलं तरी नाही. काम झालं की बादली लगेच ओतायची, कुंड्यांना.

धुतलेल्या आंब्याचा देठाकडचा अर्धा इंच कापून टाकायचा आणि मग सालं काढायची. सुरी मोठ्यांच्या हातात. तोवर पोराच्या हातात हापूसची एक कोय, चोखायला. दहा मिनिटं मिळतात. तोतापुरीची कोय देऊ नये, गर सुटत नाही आणि पोर वैतागतं. कोय चोखून झाल्यावर तोंड आणि हनुवटी साध्या पाण्यानं पुसायची, रस वाळला की खाज येते.

फोडी, करवंदाचा गर, गूळ, कॉर्नफ्लोर आणि वेलदोडा काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यातच कालवायचे. अॅल्युमिनिअमचा केकचा डबा घरात सगळ्यांकडे असतो, पण आंबट फळ त्यात तासन् तास राहिलं की धातूची चव उतरते. कॉर्नफ्लोर आधी कोरड्या गुळात मिसळा, मग फळावर टाका, नाहीतर पांढऱ्या गुठळ्या राहतात.

इथे ओव्हन १७० वर, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू करून, दहा मिनिटं तापायला ठेवायचा. छोट्या ओटीजीचा (ओव्हन-टोस्टर-ग्रिलचा) काटा दहा-पंधरा अंश इकडेतिकडे दाखवतो, म्हणून पहिल्या खेपेला २५ व्या मिनिटापासून काचेतून बघत राहा.

आता भुगा, आणि यात पोराचा वाटा कुठला हे नीट ठरवलेलं असावं. गार परातीत कणीक, ज्वारी, रवा, मीठ चाळायचं. चाळणी पोराच्या हातात, आपला हात खालून. "पाऊस पाड" म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. निम्मं पीठ परातीत, निम्मं मांडीवर पडणार, म्हणून पीठ चाळून झाल्यावर पुन्हा मोजा. आमचा भुगा एकदा तेलकट झाला तो उन्हानं नाही, ३० ग्रॅम पीठ फरशीवर गेल्यामुळे. कच्चं पीठ चाखू देऊ नका, त्यात जंतू असू शकतात आणि पोट बिघडतं. त्यासाठी शेजारच्या वाटीत भाजलेल्या बदामाची पूड ठेवायची, चाखायचं असेल तर ती.

तूप मात्र पोराच्या हातात द्यायचं नाही. फ्रीजमधून काढलेलं तूप सुरीनं वाटाण्याएवढं तोडायचं, पिठात टाकायचं आणि बोटांच्या टोकांनी, तळवा न लावता, झटपट चुरायचं. अंगठा बोटांवरून पुढे सरकवत, वरून सोडत. तीन मिनिटं, जास्त नाही. मग गूळ आणि बदामपूड. मूठभर घेऊन दाबलं की गोळा व्हावा आणि बोटानं टोचलं की फुटावा. गोळा होतच नसेल तर चमचाभर थंड दूध शिंपडा. फुटतच नसेल तर तूप वितळलंय, परात दहा मिनिटं फ्रीजमध्ये परत. वर आणखी पीठ घालून सावरायला जाऊ नये, भुगा घशाला कोरडा लागतो.

फळांवर भुगा पसरायचं काम पुन्हा पोराचं. ते एका कोपऱ्यात ढीग घालतं, मधे फळ उघडं राहतं. राहू दे. उघड्या जागेतून वाफ निघते आणि भुगा ओला पडत नाही. वरून दाबून मात्र देऊ नका. थापटलं की थर होतो, आणि पोरांना थापटायला फार आवडतं. त्या वेळी हातात दुसरी वाटी द्यायची.

एवढ्यात पोराचा उत्साह संपलेला असतो. सलग आठ-दहा मिनिटांपेक्षा जास्त ते एका जागी टिकत नाही, म्हणून कामं तुकड्यातुकड्यानं ठेवलेली.

ओव्हन चालू असताना घरात दोन मोठी माणसं हवीत, एक ओव्हनजवळ, एक पोराजवळ. एकट्यानं करायचं असेल तर भांडं झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि पोर झोपल्यावर भाजा. फ्रीजमधून थेट गेलं तर सात-आठ मिनिटं जास्त लागतात, आणि काचेचं गार भांडं एकदम तापल्या ओव्हनमध्ये घालू नका, तडकतं. तेव्हा स्टीलचं वापरा. ओटीजी ओट्याच्या आतल्या बाजूला, वायर मागे. त्याची काच आणि वरचा पत्रा हात भाजेल इतका तापतो आणि बंद केल्यावरही बराच वेळ तसाच असतो. चटका बसलाच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. हळद, टूथपेस्ट काही लावायचं नाही.

भांडं खालच्या तिसऱ्या भागातल्या जाळीवर ठेवायचं, अगदी मधे ठेवलं तर फळ शिजायच्या आत गूळ काळा पडतो. ३५ ते ४० मिनिटं. वरचा भुगा तपकिरी झाला म्हणजे झालं असं नाही. कडेकडेनं जांभळा रस वर येऊन फुटताना दिसला पाहिजे, आणि ते बुडबुडे पिठल्यासारखे जड, सावकाश फुटणारे हवेत. पातळ, भराभर फुटणारे असतील तर कॉर्नफ्लोर अजून शिजलेलं नाही. आता काढलं तर खाली पाणी आणि कच्च्या पिठाची चव. भुगा आधी रंगला तर वर फॉइल सैल टाकून आणखी सात मिनिटं ठेवा.

कढईत मीठ पसरून वर झाकण ठेवून केक होतो, क्रंबल होत नाही. वरून आच नसल्यामुळे भुगा पांढरा आणि ओला राहतो. ओव्हन नसेल तर भुगा वेगळा, जाड तव्यावर अगदी मंद आचेवर, सतत हलवत दहा मिनिटं खमंग भाजा. फळं पातेल्यात दाट होईपर्यंत शिजवा आणि वाढताना वर भुगा टाका. हाच तोडगा लाइट गेली तरी उपयोगी पडतो. दुपारी चारनंतर ढग भरून आले की वळीव आणि वीज जाणं यांत फारसं अंतर नसतं, सकाळचा आग्रह त्यासाठीही आहे. तरी मधेच गेलीच तर दार उघडू नका. दहा मिनिटांत आली तर आतली उष्णता पुरते, नाही आली तर वरचा भुगा चमच्यानं उचलून तव्यावर.

काढल्यावर निदान पाऊण तास तसंच ठेवायचं. वरचा भुगा हाताला कोमट लागतो तेव्हाही खालचा रस तोंड पोळवेल इतका गरम असतो, आणि पोर वरूनच बोट घालतं. आम्ही भांडं नजरेआडच ठेवतो, कपाटावर, पंख्याच्या झोतात. थंड होताना रस आणखी दाटतो, म्हणून घाईनं वाढला तर पातळ वाटतो.

खायला संध्याकाळ बरी, उन्हं उतरल्यावर गच्चीवर. वाटीत दोन चमचे क्रंबल, वर राखून ठेवलेल्या हापूसच्या फोडी, बाजूला घट्ट चक्का फेटून. चक्क्यात गूळ घालू नका, क्रंबल पुरेसा गोड आहे. दोन वर्षांखालच्या पोराला गुळाचं हे नको, त्याला नुसत्या आंब्याच्या मऊ फोडी. डब्यात घालून रंकाळ्यावर न्यायचा असेल तर भुगा वेगळ्या डब्यात न्या, एकत्र नेला की चौपाटीपर्यंत त्याचा शिरा होतो.

उरलेला फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो. भुगा मऊ पडतो, १६० वर आठ मिनिटं ठेवला की पुन्हा खुसखुशीत होतो. मायक्रोवेव्हमध्ये होत नाही. मे महिन्यात रात्रभर बाहेर राहिलेला मात्र टाकून द्यावा, वास आला नाही तरी.

करवंदाचा डाग कपड्यावर पडतोच. त्यावर आधी साबण घासला तर तो जांभळ्याचा निळसर होतो आणि तिथेच बसतो. आधी गार पाणी, मग लिंबाची फोड आणि मीठ, दहा मिनिटांनी पुन्हा पाणी, आणि साबण सगळ्यात शेवटी.